दोन सूत

परदेशी गेलेला दीर घरी काय पाठवतो? कुणाचा दीर घड्याळ पाठवतो, कुणाचा लोकरीचं कापड. आमच्या गोपाळकृष्णानं दारूची बाटली पाठवली. तीही कुठं, तर चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही अशा आमच्या घरात.

ते साल पन्नास. बाटली घेऊन आला तो रत्नागिरीकडचा एक खलाशी. मुंबईहून बार्शी, बार्शीहून छोट्या गाडीनं येडशी आणि पुढं बैलगाडीनं धाराशिव, असा दोन दिवसांचा प्रवास करून बिचारा आला होता. लोकरी बनियनमध्ये गुंडाळलेलं पुडकं त्यानं आमच्या ह्यांच्या हातात दिलं, तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "गोपाळभाऊ बरे आहेत. पाय मोडला होता, आता चालतात." जेवायला थांबा म्हटलं तर थांबला नाही.

आमचे हे, म्हणजे विष्णुपंत, इथल्या कोर्टात कारकून. गोपाळ त्यांचा पाठचा भाऊ. अठ्ठेचाळीस साली रझाकारांचा धुमाकूळ चालला होता तेव्हा गावातली तरणी पोरं हद्दीपलीकडं बार्शीला पळाली, त्यांत हाही गेला. बाकीचे परत आले. हा तिथून मुंबईला गेला आणि मालाच्या बोटीवर हिशेबनीस म्हणून चढला. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बायको लीला, जवळच्याच वाशीची, सतरा वर्षांची, आमच्याकडंच राहिली.

पुडक्यात बाटलीबरोबर पत्र होतं. ह्यांनी ते मोठ्यानं वाचलं, लीला दाराआड उभी होती.

"दादांस शिरसाष्टांग. आमची बोट विलायतेकडच्या या बेटावर जव घेऊन येते आणि पिंपं घेऊन जाते. पाय मोडून इथल्या दवाखान्यात चार महिने पडून होतो. बेटावर झाड नाही. लोक ओली माती खणतात, वाळवून जाळतात आणि त्या धुरावर जव भाजतात. त्याची ही दारू. भट्टीवरच्या एका म्हाताऱ्यानं मला दिली, कारण ही माझ्या जन्मसालची आहे. चोवीस वर्षं पिंपात होती. पिंप बंद असतं तरी दर वर्षी आतलं थोडं कमी होतं. कुणी पीत नाही. इथले लोक म्हणतात, तो देवदूतांचा वाटा. मला तुम्ही ताटाभोवती घालता त्या चित्राहुती आठवल्या. बाटली उघडू नका, टाकूही नका. मी आलो की माझी मला द्या. लीलेस सांगणे, लवकर येतो."

ते शेवटचं पत्र. त्यानंतर ना पत्र, ना माणूस, ना निरोप.

बाटली फडताळात, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यामागं गेली. आतलं पाणी मधाच्या रंगाचं होतं, बुचावर काळपट लाख. आता आमच्या ह्यांचा जन्मच कारकुनाचा. घरात कुणाची वस्तू ठेव म्हणून आली की तिची नोंद झालीच पाहिजे. त्यांनी कचेरीतल्या कागदाची एक लांब पट्टी कापली, डिंकानं बाटलीला उभी चिकटवली आणि आतलं पाणी जिथवर होतं तिथं टाकानं बारीक रेघ मारून तारीख घातली. मी म्हटलं, "पंच बोलवायचे का सह्यांना?" त्यांना माझी चेष्टा कधीच कळली नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायला काढली. आमच्याकडं हत्यारं म्हणजे दौत, टाक, कात्री, विळी आणि लाखेची कांडी. गठ्ठा हलवताना बाटली हाताला लागली. पाणी रेघेच्या खाली गेलेलं. दोन सूत, म्हणजे पाव इंच तरी. लाख जशीच्या तशी, तडासुद्धा नाही.

"स्पिरिट आहे ते," हे म्हणाले. "बुचातून उडतं." आणि नवी रेघ मारली.

लीला स्वयंपाकघरातून म्हणाली, "प्यायले असतील."

आम्हांला वाटलं पोर थट्टा करते. ती थट्टा करत नव्हती.

मग दर खंडेनवमीचा तो नेमच झाला. रेघा सारख्या अंतरानं पडल्या असत्या तर मीही स्पिरिट म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या तशा पडत नव्हत्या. एका वर्षी सूतभर, एका वर्षी तीन सूत. चोपन साली तर अर्धं बोट. लीला पट्टीवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "यंदा त्यांचं काहीतरी बिनसलंय." तेव्हापासून तिनं सोमवार धरले. सत्तावन साली केसाएवढाच फरक, तेव्हा तिनं शेवयांची खीर केली. "बरे आहेत. मनासारखं चाललंय." दुसऱ्यांना नवऱ्याची पत्रं यायची, हिला ही पट्टी यायची. ती मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, स्वतःच्या पायावर उभी राहिली, पोरींना पाढे शिकवू लागली, आणि ही एवढी शहाणी बाई वर्षातून एकदा बाटलीवरचं अंतर वाचायची. हे वेडगळपणा म्हणायचे, पण रेघ मारायची वेळ आली की हाक तिलाच मारायचे.

मग आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि दारूबंदी आली. कोर्टात रोज हातभट्टीचे खटले, आणि ते लिहून घेणाऱ्या कारकुनाच्या घरात, देवांच्या समोरच्या फडताळात, विलायती बाटली. कुणाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, अब्रू गेली असती. मी शंभरदा म्हटलं, ओतून टाका मोरीत. हे म्हणायचे, "ठेव आहे ती." आणि लीला फडताळापाशी जाऊन बसायची. ती बसली की मी जीभ आवरायची.

वासाचं सांगायचं राहिलं. बाटली बंद, तरी अधूनमधून फडताळातून वास यायचा. शेणी-लाकडांच्या धुराचा नव्हे. ओल्या मातीला कुणी आग लावावी तसा, त्यात दवाखान्यातल्या टिंक्चरची झाक आणि काहीतरी खारट. समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. लीलाची जाऊन येऊन त्या कपाटाशी उठबस, तिच्या लुगड्यालाही तो लागायचा. शारदा, माझी मुलगी, लहानपणी म्हणायची, "काकूला काकांचा वास येतो."

आता मी केलं ते सांगते.

बासष्ट सालच्या वैशाखातली भर दुपार. हे कोर्टात, लीला शाळेतल्या कसल्याशा शिबिराला, शारदा शेजारी शेवया वळायला गेलेली. शारदाला एकोणीस सरलं होतं आणि तिची दोन स्थळं मोडली होती. तिसरं लातूरचं आलेलं, मुहूर्त कधीचा धरता येईल ते पाहावं म्हणून मी पंचांगाचा गठ्ठा ओढला. मागची बाटली उघडी पडली. खिडकीतलं ऊन तिच्यावर आलं.

बाटली सरळ उभी होती. आतलं पाणी सरळ नव्हतं.

ते एका अंगाला वर चढलेलं होतं, पार खांद्यापर्यंत, आणि दुसऱ्या अंगाला खाली. मी पाहत असतानाच ते हळूहळू फिरलं आणि पलीकडच्या अंगाला चढलं. बैलगाडीत ठेवलेल्या घागरीतलं पाणी हेलकावतं तसं. पण गाडी नव्हती, बैल नव्हते, फळी जागची हलत नव्हती. तीन हेलकावे झाले. मग बुचाच्या बाजूनं एक बुडबुडा आला, आणि पाणी हळूच सपाट झालं. आतल्या काचेवर ओघळ उरले होते, ते खाली उतरताना मी डोळ्यांनी पाहिले.

पंचांग हातातून पडलं. मी देवांपाशी जाऊन बसले, पण देवांकडं पाठ करून. त्या फडताळाकडं पाठ करायचा धीर होईना.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "भाऊजी गेलेत. त्यांना गती नाही. पाणी मागताहेत."

लीला तिथंच होती. तिला मी दुपारचं सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. तिच्या तोंडावर असा आनंद मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. "हेलकावे?" ती म्हणाली. "म्हणजे बोटीवर आहेत ते अजून."

"लीले, मेलेल्याला तहान लागते. जित्या माणसाला आपल्या फडताळातलं कशाला लागेल?"

"मेलेल्याचे हात जाळलेले असतात जाऊबाई. तो पिणार कशानं?"

एकच खूण. मी तिच्यात भूत पाहिलं, तिनं नवरा.

लातूरकडचा निरोप आषाढात आला. मुलगी पसंत आहे, पण घरातला माणूस असा अधांतरी राहिलेला, त्याचं सुतक नाही, श्राद्ध नाही, अशा घरची मुलगी करायला वडीलधारी मंडळी कचरतात. आधीची दोन स्थळंही ह्याच बोलण्यानं गेली होती. गुरुजींनी सांगितलं, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या देठांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा. बारावं संपतच आलंय. हे म्हणाले, "कायद्यात सात वर्षं पुरतात, शास्त्रात बारा. दोन्ही झाली."

नुसती पळसाची काडी जाळायची असती तर कुणाचं काय जात होतं? पण प्रतिमेला अग्नी दिला की लीला विधवा. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, सगळं त्याच दिवशी जाणार. सतराव्या वर्षापासून तिनं जपलं होतं ते तेवढंच.

मी गोड बोलले, रडले, पाय आपटले. खोटं कशाला बोलू, मला माझ्या पोरीचं लग्न हवं होतं, आणि त्या फडताळाची मला भीती वाटत होती. दोन्ही एका दगडात होत होतं. त्या वर्षीच्या खंडेनवमीला पाणी पुन्हा उतरलेलं निघालं, चार सूत. ह्यांनी रेघ मारली. लीलानं पट्टीवर बोट फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "शारदीचं लग्न होऊ दे जाऊबाई. करा काय करायचं ते. बाटली मात्र टाकायची न्हाई. आणि रेघ दर वर्षी मारायची."

मी तिच्या पायाच पडायला हवं होतं. मी तिला जवळ घेतलं आणि मनात म्हटलं, सुटले.

मार्गशीर्षात दिवस धरला. चीनच्या लढाईचे दिवस होते ते, गावात बायका फंडाला दागिने देत होत्या. लीलानं आपल्या दोन सोन्याच्या बांगड्या त्या आठवड्यातच देऊन टाकल्या. हातात उरल्या हिरव्या काचेच्या. त्या उतरवायला मी गजराबाई कासारणीला बोलावलं. तिनंच पंधरा वर्षं लीलाचे हात भरले होते. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"म्या बांगड्या भरते बाई," ती म्हणाली, "फोडत न्हाय. आन् ह्या पोरीच्या तर न्हायच न्हाय. मानूस मेल्याला कुनी बघितला व्हय?"

"गुरुजींनी सांगितलंय."

"गुरुजीला लई ठावं," असं म्हणून ती टोपली डोक्यावर घेऊन गेली.

तेव्हा बांगड्या मीच फोडल्या. न्हाणीच्या दगडावर, तिचे हात धरून. लीला रडली नाही. हे आणि गुरुजी सकाळीच भोगावतीच्या काठी गेले होते. तीनशे साठ देठ मोजून बांधलेलं ते माणूस, डोक्याच्या जागी नारळ. मी ते बांधताना ओसरीवर पाहिलं होतं. एवढंसं दिसत होतं, पाळण्यात मावेल असं.

दहाच्या सुमाराला घरात वास आला. इतका कधीच आला नव्हता. ओल्या मातीचा धूर, मीठ, टिंक्चर. डोळे झोंबू लागले, पण धूर कुठंच दिसत नव्हता. लीला न्हाणीच्या दारात ओलेत्यानं उभी होती. ती फडताळाकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. आतून आवाज आला. काचेवर नखानं वाजवावं तसा. एकदा, मग जरा थांबून दोनदा. मग काहीच नाही. वासही गेला, दार लावून घ्यावं तसा एकदम गेला.

मी फडताळ उघडलं. बाटली जागेवर होती, पाणी सपाट. का कोण जाणे, मी शारदाची पेन्सिल घेतली आणि पाण्याच्या काठाशी पट्टीवर बारीक खूण केली. दसऱ्यापासूनच्या दीड-दोन महिन्यांतच सूतभर उतरलेलं होतं. खुणेचं मी ह्यांना नंतर सांगून ठेवलं.

हे दुपारी आले. पंच्यासकट भिजलेले, ओठ काळे. "पेटेना," म्हणाले. "वाळलेला पळस, वर तूप, तरी पेटेना. ओल धरल्यासारखं. मग एकदम पेटलं ते निळं. मी असला जाळ पाहिला न्हाई." पुढं ते त्या विषयावर कधीच बोलले नाहीत.

वैशाखात शारदाचं लग्न झालं. लीला मांडवात आली नाही, कोठीत बसून लाडू वळत राहिली. मी तिला पुढं ये म्हटलंही नाही. लोक काय म्हणतील, ह्याची मला तेव्हा फार काळजी असे.

आणि मग त्रेसष्टची खंडेनवमी आली.

लीला पूजेला आली नाही, स्वयंपाकघरातच राहिली. ह्यांनी बाटली काढली, चष्मा पुसला, उजेडात धरली. "अरेच्चा," म्हणाले, "मागच्या रेघेपासून सूतभर खाली आहे. बरोबर तुझ्या ह्या पेन्सिलीच्या खुणेवर. त्यानंतर उतरलंच न्हाई की. बूच फुगून घट्ट बसलं असेल."

मी बाटली हातात घेतली. पाणी माझ्या खुणेला लागून उभं होतं. वर नाही, खाली नाही. भर उन्हाळा मध्ये गेला होता, त्या उन्हाळ्यात आमच्या तेलाच्या बरणीचं लाकडी बूचसुद्धा आकसलं होतं. बारा वर्षं एक वर्ष न चुकता उतरणारं पाणी मार्गशीर्षातल्या त्या सकाळी दहाला थांबलं होतं.

भूत असतं तर गतीला गेलं म्हणून थांबलं, असं कुणी म्हणेल. मीही तसंच म्हणून पाहिलं. पण काचेवरचा तो नखाचा आवाज मी ऐकला होता. दार उघडा म्हणून कुणी आतून वाजवतं ना, तसा होता तो. गती मिळालेला माणूस दार वाजवत नाही. लीलाचंच खरं होतं. तो जिवंत होता. कुठल्याशा बोटीवर, कुठल्याशा बेटावर, बारा वर्षं तो त्याचा घोट घेत होता, आणि आम्ही त्याला नारळाचं डोकं लावून भोगावतीच्या काठी जाळला. ह्यांनी नुसता अग्नी दिला. मारला मी.

हे रेघ मारायला टाक बुडवत होते. मी म्हटलं, "राहू द्या. उद्या मारू, आज हात लागलाय विटाळाचा." काहीतरी बोलले झालं. त्यांनी बाटली ठेवून दिली.

भांडी घासताना लीलानं विचारलं. मान खाली, राखेनं तांब्या घासतेय. "जाऊबाई, उतरलं का?"

सगळं वर्ष तिनं पांढऱ्या कपाळानं काढलं होतं आणि कुणापाशी एक शब्द बोलली नव्हती. ह्या एका प्रश्नासाठी तिनं ते काढलं होतं. न्हाई म्हणावं तर तिचा नवरा मेला आणि मी मारला. हो म्हणावं तर जित्या नवऱ्याच्या बायकोच्या बांगड्या मी दगडावर फोडल्या. पण हो म्हटल्यानं तो निदान तिच्यापुरता जगत होता.

"रेघ उद्या मारणार आहेत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. चार वाजता हे सीमोल्लंघनाला गेले. लीला आपट्याची पानं द्यायला आलेल्या शाळेतल्या पोरींशी अंगणात बोलत होती. मी फडताळ उघडलं. विळीचं पातं चुलीवर तापवलं आणि लाख सोडवली. बूच हातानं फिरवलं, ते सहज आलं, जसं काही आत्ताच कुणीतरी लावून ठेवलं होतं.

सूतभर, दोन सूत कमी करायचं एवढंच काम. मोरीत ओतायला मी वाकलेही. हात पुढं जाईना. मोरीत काय ओतायचं? माणसाचा वाटा होता तो. ज्याला जिवंतपणी जाळलं त्याचं पिणं पुन्हा गटारात सोडायचं? मी पंचपात्री घेतली, तीत दोन सूत मोजून काढलं, डोळे मिटले आणि प्याले.

तुळजापूरच्या पुजाऱ्यांची नात मी. जीभ भाजली, घसा भाजला, नाकातून धूर निघाला असं वाटलं. आधी माती, मग मीठ. आणि सगळ्यांत शेवटी, घोट खाली गेल्यावर, जिभेवर राख. आमच्याच चुलीतल्यासारखी राख. मी ओकारी येईल म्हणून भिंत धरली. ओकारी आली नाही. पोटात ऊब आली आणि पायाखालची जमीन एका अंगाला कलली, मग दुसऱ्या अंगाला. तीन हेलकावे मी मोजले.

बूच लावलं. ह्यांच्या पेटीतली कचेरीची लाख तापवून वर ओतली, काजळीचं बोट फिरवून तिला जुना रंग आणला. पेन्सिलीची खूण खोडली. ह्यांनी रात्री दिव्याशी चष्मा नसतानाच, कालच्याशी ताडून न पाहता रेघ मारली.

लीलाला मी म्हटलं, "उतरलंय. तीन सूत."

तिनं बाटलीला हात लावला नाही. नुसतं एकदा डोळे मिटून "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पदर सावरला तेव्हा पोलक्याच्या बाहीखाली मला एकच काळी काचेची बांगडी दिसली. गजराबाईनं कधी भरली कुणास ठाऊक. मी पाहिलं नाही असं केलं.

तेव्हापासून रेघेचा नेम दसऱ्याच्या रात्रीवर गेला. पुढच्या वर्षी पाणी अर्थातच जागचं हललं नव्हतं. पुन्हा विळीचं पातं, पुन्हा पंचपात्री. त्या वर्षी मी भीत भीत घोटभरच घेतला, सूत कसलं, धागाभर. लीलानं रेघेचं अंतर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "यंदा इतकंच? माझ्यावर रागावलेत का हो ते?" आठ दिवस ती नीट जेवली नाही. पासष्ट साली मी मुकाट्यानं चार सूत प्याले.

आता माझे केस पिकले, हे पेन्शनीत निघाले. बाटलीत तीन बोटं उरलीत. मी हिशेब करून पिते. पिणाऱ्या माणसासारखी मी वर्षभर त्या दुपारची वाट पाहते, हेही एकदाचं सांगून टाकते. त्या तीन हेलकाव्यांत मला कधी कधी एक माणूस दिसतो. लंगडत्या पायाचा, रेलिंग धरून उभा. तो माझ्याकडं तोंड करीत नाही. मी त्याला दर वर्षी म्हणते, भाऊजी, चुकले. तो ऐकतो की नाही कळत नाही.

परवाच्या दसऱ्याला मी लाख लावून नुकतीच ओसरीवर येऊन टेकले होते, तोच लीला देवळातून आली. पायऱ्या चढता चढता थांबली. मी पदर तोंडावर घेतला, पण उशीर झाला होता. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं हळूच माझा पदर बाजूला केला. तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. तिनं श्वास आत घेतला. मग आणखी एकदा, डोळे मिटून.

माझं सगळं आयुष्य तिच्या त्या मिटलेल्या डोळ्यांपुढं उघडं पडलं होतं. मी म्हटलं, "लीले, मी तुला सांगते..."

"काही सांगू नका," ती म्हणाली. तिचा आवाज नवरीसारखा होता. "असंच जवळ बसा थोडं."

आणि तिनं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं.